स्कायवर राहायला येताय, तर गावच्या हॉलपासून सुरुवात करा

ताई, तुम्ही लिहिलंय की ब्रॉडफर्डच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी जवळजवळ पक्की झालीय, बरोबर यजमान आणि आठ वर्षांची मुलगी येणार. पण स्कॉटलंडच्या अख्ख्या स्काय बेटावर जेमतेम दहा हजार माणसं, तिथे आपल्याला कोण विचारणार, करमणार कसं, ही धास्ती आहे. मी इथे बरीच वर्षं राहतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेजारी आपणहून जेवायला बोलावतील याची वाट बघत बसू नका. माणसं प्रेमळ आहेत, पण इथली सगळी ऊठबस गावच्या हॉलमध्ये चालते. दुपारचं सूप, जुन्या वस्तूंचा बाजार, बॅडमिंटन, केली म्हणजे गाणंबजावणं आणि नाच, कुणाच्या तरी उपचारासाठी निधी गोळा करणं, सगळं तिथेच. आमंत्रण कुणाला वेगळं येत नाही, दुकानाच्या दारावर कागद लागला की ते सगळ्यांनाच आमंत्रण. पहिल्यांदा जाल तेव्हा कार्यक्रम संपल्यावर निघून येऊ नका. खुर्च्या रचायला हात लावा, आत जाऊन कपबश्या पुसा. फडकं हातात घेतलं की शेजारची बाई कुठल्या तुम्ही, घर मिळालं का, गाडी येते का, सगळं विचारते आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाला तुमचं नाव माहीत असतं. पुढच्या खेपेला काहीतरी करून न्या. माझ्या नारळाच्या वड्या आता बाजाराच्या यादीत धरलेल्याच असतात.

हे नुसतं हौसेचं नाही. हायलँड कौन्सिल म्हणजे इथली स्थानिक सरकारी संस्था, तिचा कारभार मुख्य भूमीवरच्या इनव्हर्नेस शहरातून चालतो आणि क्षेत्रफळाने ती ब्रिटनमधली सर्वांत मोठी कौन्सिल आहे. एवढ्या पसाऱ्यात प्रत्येक वाडीकडे कोण बघणार? म्हणून गाव आपलं आपण उभं राहतं. आगीचा बंब चालवणारे एरवी दुकानात नाहीतर बांधकामावर असतात, पेजर वाजला की काम टाकून धावतात. कुलिनच्या डोंगरात अडकलेल्यांना उतरवणारं पथक स्वयंसेवकांचं, बेटावरच्या पोर्ट्री गावातल्या लाइफबोटीवरची, म्हणजे समुद्रातल्या बचावाच्या बोटीवरची, माणसंही बहुतेक तशीच. कम्युनिटी कौन्सिल नावाची बैठक भरते, तिला आपली ग्रामपंचायत समजू नका. सदस्यांना मानधन नाही, हातात अधिकारही फारसे नाहीत. पण बांधकामाच्या परवानग्यांवर तिचं मत विचारावंच लागतं. बैठकीला कुणीही जाऊन बसू शकतं. यजमानांना एखाददुसऱ्या बैठकीला जरूर पाठवा. गावाची दुखणी तिथे तासाभरात कळतात.

आणि इथलं साप्ताहिक आतापासूनच वाचायला लागा: वेस्ट हायलँड फ्री प्रेस. 1972 साली निघालं, 2009 साली तिथे काम करणाऱ्यांनीच ते विकत घेतलं. जमीन, भाषा आणि माणसं हे त्याचं ब्रीद. फेरीबोट का रद्द झाली, कुठला रस्ता खचला, कुठे घरं बांधायचं घाटतंय, शिंटीच्या, म्हणजे इथल्या हॉकीसारख्या खेळाच्या, सामन्यात कोण जिंकलं, हे त्यात असतं आणि लोक बोलतात ते ह्याच गोष्टींवर. काही विषय ऐकताना जपून असा. जमिनीचा विषय निघाला की म्हातारी माणसं बेटावरच्या ब्रेज इथल्या 1882 सालच्या लढ्यावर येतात. तिथल्या कुळांनी हक्काच्या कुरणासाठी ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांशी सामना केला होता. पुढे 1886 च्या कायद्याने क्रॉफ्टरांना, म्हणजे अशा छोट्या कुळांना, जमिनीवरून हुसकावणं बंद झालं. आपल्या घरी कूळकायद्याच्या गोष्टी ऐकल्या असतील तर हे लगेच उमगेल. पुलाचंही तसंच. 1995 साली बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पूल झाला आणि त्यावर जबर टोल बसला. लोकांनी तो भरायला नकार दिला, कोर्टकचेऱ्या सोसल्या आणि 2004 च्या डिसेंबरात टोल गेला.

गावात कुणी गेलं की अंत्यविधीची सूचनाही दुकानाच्या दारावर लागते. फार ओळख नसली तरी जा. काळा कोट घालून मागे उभं राहिलात तरी पुरे, घरच्यांच्या ते लक्षात राहतं.

गाडीशिवाय इथे निभाव नाही. भारतीय लायसन्स बारा महिने चालतं, त्याच्या आत इथली परीक्षा द्या. एकपदरी रस्त्यावर गाडी बाजूला घेण्यासाठी जागोजागी फुगवटे असतात. तो उजवीकडे असेल तर तिकडे वळायचं नाही, त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबायचं आणि समोरच्याला वाट द्यायची. जाताना दोघांनीही हात वर करायचा. हात न करणारा परका, हे इथे पटकन ठरतं.

हिवाळ्याची तयारी मनाने करा. डिसेंबरात नऊच्या सुमाराला उजाडतं, चारच्या आत मावळतं. वादळात पुलावर उंच गाड्यांना बंदी झाली की दुकानातलं दूध-पाव संपतं, तेव्हा तांदूळ-डाळ घरात भरपूर ठेवा. मोठ्या दुखण्याला इनव्हर्नेसचं रेगमोर हॉस्पिटल, तिथे जायला दोन तासांच्या वर लागतात. मसालेही तिथूनच आणावे लागतील.

मुलीची काळजी मला सर्वांत कमी वाटते. वर्ग लहान असतात, नवीन मूल लपून राहत नाही. शिंटीला घाला तिला, मुलीही खेळतात. पोर्ट्रीला 2018 पासून गेलिक या इथल्या जुन्या भाषेच्या माध्यमाची प्राथमिक शाळाही आहे, पण तिच्या वयाला इंग्रजीच बरी.

खरी अडचण घराची आहे. पर्यटकांना भाड्याने देण्यात कितीतरी घरं अडकलीत, वर्षभरासाठी मिळणारं घर दुर्मीळ. नोकरीचं पत्र आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: राहायची सोय करणार का, किती महिने, कुटुंबासकट की एकटीची? उत्तर लेखी घ्या. ते हातात पडेपर्यंत तिथला राजीनामा देऊ नका आणि तिकिटं काढू नका.