सेटिंगच्या फाईलला एका रात्रीत काय झालं?

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात पीएचडी करते. जनुकांच्या माहितीवरचं माझं सगळं काम विभागाच्या सर्व्हरवर चालतं. सुट्टीत सर्व्हरवरची जुनी लिनक्स प्रणाली सेंटओएस 7 काढून रॉकी लिनक्स 9 बसवलं. तेव्हापासून टीमक्स (आज्ञा टाईप करायच्या टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या देणारा आणि जोडणी तुटली तरी आतलं काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू केला की आधी चुकांची यादी येते. माऊसने मागचा मजकूर वर सरकत नाही, खालच्या पट्टीचे रंग गेले, कॉपी करायची बटणंही चालत नाहीत. टीमक्सच्या सेटिंगच्या फाईलला मी हातसुद्धा लावलेला नाही. मला ती एका सीनियरने दिली होती. – संशोधक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तुझी फाईल जशीच्या तशी आहे, तिच्याखालचा टीमक्स बदलला. सेंटओएस 7 बरोबर टीमक्स 1.8 यायचा, 2013 सालचा. रॉकी 9 बरोबर 3.2ए येतो, 2021 चा. मधल्या आठ वर्षांचे बदल तुझ्यावर एका रात्रीत येऊन पडले. घाबरून जाणं साहजिक आहे, पण प्रत्येक चुकीचं कारण सापडतं, म्हणून एकेक सांगते.

माऊसपासून सुरुवात करू. 1.8 मध्ये माऊससाठी चार वेगवेगळ्या ओळी लिहाव्या लागत : खिडकी निवडायला एक, कप्पा (खिडकीचा एक भाग) निवडायला एक, कप्प्याचा आकार बदलायला एक, आणि मजकूर मागेपुढे सरकवायला एक. 2015 मध्ये 2.1 आलं, त्यात या चारही ओळी गेल्या आणि ‘माऊस ऑन’ एवढी एकच उरली. तुझ्या सीनियरच्या चार ओळी काढून ही एक लिही.

रंगांची गोष्ट जास्त लांबलेली आहे. आधी अक्षराचा रंग, मागचा रंग आणि ठळकपणा यांसाठी तीन-तीन ओळी असत. 2014 च्या 1.9 मध्ये ‘स्टाईल’ नावाची एकत्र ओळ आली. जुन्या ओळी तेव्हा लगेच काढल्या नाहीत, त्या 2019 च्या 2.9 पर्यंत चालत राहिल्या. पाच वर्षं मिळाली होती. ते 2.9 मी सांभाळत असलेल्या सर्व्हरवर आलं त्या सकाळी माझ्या खोलीबाहेर विद्यार्थ्यांची रांग लागली होती, सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्या झालेल्या. मला राग आला होता. दुपारी बदलांची यादी उघडून बसले, तेव्हा कळलं की सूचना केव्हाचीच दिलेली होती आणि आमच्यापैकी कुणीच ती वाचली नव्हती.

कॉपीची बटणं 2017 च्या 2.4 मध्ये बदलली. ‘व्हीआय-कॉपी’ नावाचा बटणांचा वेगळा तक्ता होता, त्याच्या जागी ‘कॉपी-मोड-व्हीआय’ आला आणि आज्ञा लिहायची पद्धतही बदलली. इथे नुसतं नाव बदलून भागणार नाही, प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागेल. फाईलमध्ये ‘यूटीएफ-8’ (सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत) चालू करणाऱ्या ओळी असतील तर त्या सरळ काढ. 2016 च्या 2.2 पासून त्यांची गरजच राहिली नाही.

आता कामाची रीत सांगते. जुनी फाईल बाजूला ठेव आणि टीमक्स कोरा चालव. मग एकेक ओळ परत आण, चालली तरच पुढची. सीनियरच्या फाईलमधल्या कित्येक ओळी तुला लागतही नसतील. टीमक्सच्या सोर्सबरोबर ‘चेंजेस’ नावाची फाईल येते. तीत सगळ्यात नवं व्हर्जन वर असतं, म्हणून आपलं जुनं व्हर्जन शोधायचं आणि तिथून खालून वर वाचत यायचं. तासाभराचं काम आहे. कोणत्याही अपग्रेडच्या आदल्या दिवशी ते कर, एवढी माझी विनंती आहे.

एक अजून, कारण तुझ्या पत्रात ‘हे लोक उगाच बदलतात’ असं वाक्य होतं. टीमक्स निकोलस मॅरियट यांनी 2007 मध्ये सुरू केला. 2009 पासून तो ओपनबीएसडी या प्रणालीच्या मूळ संचातच आहे. सप्टेंबर 2024 मध्ये 3.5 आलं. त्यात पट्टीवर दाखवायच्या छोट्या आज्ञा वापरणाऱ्याच्या स्वतःच्या शेलमधून (टाईप केलेल्या आज्ञा घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालवायचं ठरवलं होतं. ते गैरसोयीचं ठरलं, आणि पुढच्याच महिन्यात 3.5ए काढून तो बदल मागे घेतला. केलेलं चुकलं तर महिन्याच्या आत परत फिरवणारे हे लोक आहेत, उगाच बदलणारे नाहीत.

प्रश्न : नव्या व्हर्जनमध्ये बग सुधारले असं ऐकून घरच्या लिनक्सवर टीमक्स अपडेट केला. आत नऊ दिवसांपासून एक काम चालू आहे. आता परत जोडायला गेलो तर ‘ओपन टर्मिनल फेल्ड, नॉट अ टर्मिनल’ असं येतं. काम गेलं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, काम चालू आहे. मशीन बंद करू नका आणि टीमक्सचा सर्व्हर मारू नका.

टीमक्सचे दोन भाग असतात. मागे एक सर्व्हर चालतो, तुमचं काम त्याच्या पोटात असतं. तुम्ही जोडता तो समोरचा क्लायंट. अपडेटने डिस्कवरची फाईल बदलली, पण मेमरीतला सर्व्हर नऊ दिवसांपूर्वीचाच आहे. नवा क्लायंट आणि जुना सर्व्हर यांची बोली जुळत नाही. (फार जुन्या व्हर्जनमधून आलात तर हीच अडचण ‘प्रोटोकॉल व्हर्जन मिसमॅच’ अशा शब्दांत येते.)

लिनक्सवर यातून वाट आहे. चालू प्रोग्रॅमची फाईल पुसली गेली तरी तो प्रोग्रॅम संपेपर्यंत कर्नल (लिनक्सचा गाभा) ती धरून ठेवतो. ‘पीग्रेप’ या आज्ञेने टीमक्सच्या सर्व्हरचा प्रोसेस क्रमांक काढा. ‘प्रॉक’ फोल्डरमध्ये त्या क्रमांकाचा फोल्डर असेल, त्यात ‘एक्झी’ नावाची लिंक आहे. तिच्यापुढे ‘डिलीटेड’ लिहिलेलं दिसलं तरी बिचकू नका. तीच लिंक प्रोग्रॅम म्हणून चालवा, पुढे ‘अटॅच’ लिहा. हा तुमचा जुना टीमक्सच आहे, त्यामुळे जोडणी होईल. काम संपू द्या, निकाल जपून ठेवा आणि मगच सर्व्हर बंद करून नवा सुरू करा. अपडेट केलं तरी सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंत सुधारलेले बगही तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

प्रश्न : टीमक्समध्ये व्हिम हा एडिटर वापरताना एस्केप दाबल्यावर क्षणभर थांबावं लागतं. – पुणे

उत्तर : एस्केपनंतर अजून काही येतंय का याची टीमक्स वाट पाहतो. पूर्वी हा वेळ 500 मिलिसेकंद होता, 3.5 पासून 10 आहे. जुनं व्हर्जन असेल तर ‘एस्केप-टाईम’ स्वतः 10 करा.

प्रश्न : ताई, सर्व्हरवर टीमक्समध्ये मराठी मजकुराची फाईल उघडली की अक्षरांच्या जागी नुसत्या खालच्या रेघा दिसतात. एका मशीनवर अक्षरं दिसतात, पण कर्सर भलतीकडेच असतो. हा बग कळवायचा कुठे? – भाषांतरकार, सोलापूर

उत्तर : रेघांचं कारण बहुधा लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरपद्धत सांगणारी सेटिंग आहे. तुमचं टर्मिनल यूटीएफ-8 आहे हे टीमक्सला कळलं नाही, की इंग्रजीबाहेरच्या प्रत्येक अक्षराच्या जागी तो रेघ देतो. सर्व्हरवर लोकेल नीट करा.

कर्सरचं दुखणं खरं आहे, आणि त्याबद्दल तुम्ही लिहिलंत याचा मला फार आनंद झाला. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर, पण संगणकाला ती चार चिन्हं : क, हलन्त, ष आणि वेलांटी, मिळून 12 बाइट. त्याला किती चौकटी द्यायच्या हे टर्मिनल वेगळं मोजतं आणि टीमक्स वेगळं. दोघांची मोजणी जुळली नाही की कर्सर सरकतो. म्हणून आधी तीच फाईल टीमक्सशिवाय उघडून पाहा. तिथेही बिघडत असेल तर तक्रार टर्मिनलवाल्यांकडे जायला हवी.

फक्त टीमक्समध्येच बिघडत असेल तर वेगळं सॉकेट (म्हणजे चालू सर्व्हरपासून स्वतंत्र असा नवा सर्व्हर) आणि रिकामी सेटिंग फाईल घेऊन तो चालवा, नोंदी लिहिण्याचा पर्याय दोनदा देऊन. व्हर्जन, टर्मिनलचं नाव, ‘टर्म’ची (टर्मिनलचा प्रकार सांगणाऱ्या सेटिंगची) किंमत आणि बिघडणारा एकच शब्द एवढं कळवा, सोबत नोंदीच्या फाईल जोडा. माझ्या ओळखीतले मराठी लिहिणारे असा शब्द कधी पाठवत नाहीत, नुसते सोसत राहतात. तुम्ही पाठवा. मात्र नोंदी चालू असताना पासवर्ड टाकू नका, टाईप केलेलं सगळं त्या फाईलमध्ये उतरतं.