छोट्या इलेक्ट्रिक स्प्रे गनने अख्खं घर रंगवता येईल का?

खानापूरकडचं जुनं घर आतबाहेर छोट्या स्प्रे गनने रंगवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: दारं, गेट, खिडक्यांच्या ग्रिलला ही गन झकास, सपाट भिंतींना रोलरच घ्या. इमल्शन, म्हणजे भिंतींचा पाण्यात मिसळणारा रंग, घट्ट असतं. छोट्या गनमधून ते नीट उडायला पाणी जास्त घालावं लागतं, मग रंग झाकत नाही आणि रंगाचे हात वाढतात. शिवाय डबा जेमतेम लिटरभराचा, सारखं भरत बसायचं. जांभ्याच्या खडबडीत भिंतीवर मात्र गन मारून लगेच ब्रश फिरवा, म्हणजे भोकाभोकांत रंग बसतो.

रंग जुन्या सुती साडीच्या कापडातून गाळा. सायीचा एक तुकडा राहिला तरी नोझल तुंबतं. गन रंगवायच्या जागेपासून वीतभर अंतरावर धरा. हात आधी चालू करा, मग ट्रिगर दाबा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवा. थांबलात की ओघळ आलाच.

ऑइलपेंटला मास्क हवाच, जवळपास चूल, समई पेटती नको. बाहेरचं काम दिवाळीनंतर, भिंती पुरत्या सुकल्यावरच काढा; तिकडच्या पावसाची ओल लवकर जात नाही.