पगारातून देणगीच्या योजनेत कर्मचाऱ्यांचा सहभाग कसा वाढवावा?

तुमच्या कंपनीत पगारातून देणगी द्यायची सोय आहे, पण नवीन नावं येत नाहीत. म्हणून वरचे लोक म्हणताहेत, 'सगळ्यांचे शंभर कापा, ज्याला नको त्याने लिहून द्यावं.' मी एका कारखान्यात पगारपत्रकं करतो. कळकळीने सांगतो, हा मार्ग धरू नका. केरळात २०१८च्या महापुरानंतर सरकारने कर्मचाऱ्यांकडे एक महिन्याचा पगार मागितला आणि ज्याला द्यायचा नाही त्याने तसं लेखी कळवावं, अशी अट घातली. उच्च न्यायालयाने ती अट रोखली आणि सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं ऐकलं नाही. 'मी देणार नाही' असं साहेबाला लिहून देणं कुणालाही जडच जातं.

लोक कंजूष नसतात हो. सहकाऱ्याच्या घरी आजारपण आलं की हीच माणसं मागेपुढे न बघता पाकीट काढतात, कारण पैसा कुठे जातोय ते समोर दिसतं. तुमची सॅलरी स्लिप काढून बघा. आमच्याकडे 'इतर कपात १००' एवढंच छापून यायचं. एकदा एक फिटर स्लिप घेऊन खिडकीशी आला, "साहेब, हे शंभर कसले?" फॉर्मवर सही त्याचीच होती! मग आम्ही त्या ओळीत संस्थेचं नाव छापायला लागलो. त्यानंतर लोक येऊन विचारू लागले, ही संस्था काय करते, आपल्याला बघायला जाता येईल का. नवे फॉर्म त्या बोलण्यातूनच आले.

दुसरं, पावती. कंपनीने सगळ्यांचे मिळून एकरकमी पैसे पाठवले आणि सोबत यादी दिली नाही, तर संस्था पावती कंपनीच्या नावाने फाडते. दर महिन्याला प्रत्येकाचं नाव, पॅन आणि रक्कम कळवा, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र ज्याचं त्याच्या नावावर येईल. देणगीवरची करवजावट (लोक जिला ८०जी म्हणतात) मात्र जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत ५० टक्केच. हे आधीच स्पष्ट सांगा. टॅक्स वाचेल म्हणून सही केलेला माणूस रिटर्न भरताना फसल्यासारखा होतो आणि चार जणांना सांगतो.

जमल्यास कर्मचारी देतील तेवढीच भर कंपनीला घालायला सांगा. ही भर सीएसआरच्या, म्हणजे कायद्याने कंपनीने समाजकार्यावर खर्च करायच्या निधीतून द्यायची असेल, तर काम कायद्यातल्या यादीत बसणारं हवं आणि संस्थेकडे सीएसआर-१ची नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची सरकारी नोंदणी हवी. कर्मचाऱ्यांचे स्वतःचे पैसे कंपनीच्या सीएसआर खर्चात धरू नका, तो त्यांचा पैसा आहे.

संस्था कर्मचाऱ्यांनाच निवडू द्या, शक्यतो प्लँटच्या आसपासच्या, जिथे सुट्टीच्या दिवशी जाऊन बघता येईल अशा. देणाऱ्यांची यादी नोटीस बोर्डावर लावू नका. आणि देणगी बंद करायचा फॉर्म सुरू करायच्या फॉर्मइतकाच सोपा ठेवा. तो थेट पगार विभागात द्यायचा, सुपरवायझरच्या सहीशिवाय.