धंदा हलका, व्यवसाय भारी?

विचारणा अशी: कंपनीच्या आचारसंहितेचा मराठी मसुदा करताना एकीने ‘आपला धंदा सचोटीने करू’ असं लिहिलं. वरिष्ठांनी ‘धंदा’ खोडून ‘व्यवसाय’ केलं. धंदा खरंच हलका शब्द आहे का?

एकवचनात तरी नाही. ‘पोरगा धंद्याला लागला’ म्हणताना बापाच्या आवाजात समाधान असतं. तोच पोरगा रात्री उशिरा घरी आला की, ‘काय धंदे चाललेत तुझे?’ बिघडवलं ते अनेकवचनाने. उद्योगाचंही तेच; ‘नसते उद्योग’ कोणाला हवेत? दुसरी गोम षष्ठीची. लाकडाचा धंदा म्हटलं तर कोणी दचकत नाही, शिक्षणाचा धंदा म्हटलं की शिवी होते. म्हणजे खोट मालात, बोल मात्र शब्दाला. आणि ‘ती धंदा करते’ याचा लोक काय अर्थ घेतात, ते बायकांना सांगायला नको. तोच धंदा पुरुषाने केला की दुकान! मसुदा लिहिणारी बाई आहे म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

पूर्वी ‘धंदेवाईक नाटक मंडळी’ म्हणजे फक्त हौशी नसलेली. आता ‘धंदेवाईक’ म्हणजे पैशाला हपापलेला. ‘धंदेशिक्षण’ही मागे पडून ‘व्यवसाय शिक्षण’ आलं.

व्यवसायाचा मूळ अर्थ मात्र पोटापाण्याशी लागत नाही. संस्कृतात व्यवसाय म्हणजे निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली ‘व्यवसायात्मिका बुद्धि’ ती हीच, एका जागी ठरलेली. कामात हेतू शोधणाऱ्यांना हा अर्थ आवडेल, मलाही आवडतो. पण अठराव्या अध्यायात ‘मी लढणार नाही’ या अर्जुनाच्या निश्चयाला कृष्ण ‘मिथ्यैष व्यवसायस्ते’ म्हणतो. व्यवसाय खोटाही असू शकतो. शब्द बदलून सचोटी येत नाही.

मी तर मसुद्यात सराफाचे शब्द आणीन. चोख म्हणजे भेसळ नसलेलं. सोनं चोख, तसा व्यवहारही चोख. झिजलेलं नाणं घेताना सराफ जी रक्कम कापून घेई, तो बट्टा. ‘धंद्याला बट्टा लागू देणार नाही’ असं लिहा. वरिष्ठांनी इथेही ‘व्यवसाय’ घातलाच, तर वाक्य मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.