वाचकांचे प्रश्न : लॅन केबल आणि विजेच्या तारा एकाच पाइपमधून न्याव्यात का?

प्रश्न : नाशिक येथील आमच्या सदनिकेचे नूतनीकरण चालू असून भिंतींना झिऱ्या मारण्याचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. दिवाणखान्यातील राउटरपासून मुलीच्या अभ्यासाच्या खोलीपर्यंत सुमारे 12 मीटर लॅन केबल न्यायची आहे. वायरमनचे म्हणणे असे की ती एसीच्या वायरींच्याच पाइपमधून ओढता येईल, वेगळी झिरी मारण्याची गरज नाही. आमचे एक परिचित मात्र सांगतात की विजेच्या तारांमुळे इंटरनेटमध्ये व्यत्यय येतो, म्हणून महागडी शिल्डेड केबलच (धातूच्या पापुद्र्याचे आवरण असलेली) घ्यावी. कोणाचे ऐकावे?

उत्तर : वेगळा पाइप अवश्य टाकावा, परंतु त्याचे मुख्य कारण इंटरनेटचा वेग हे नसून घरातील माणसांची सुरक्षितता हे आहे. शिल्डेड केबलची मात्र आपल्याला आवश्यकता नाही.

आधी व्यत्ययाविषयी. विजेच्या तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती सेकंदाला 50 आवर्तने करणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि शेजारून समांतर गेलेल्या दुसऱ्या तारेत अगदी थोडा विद्युतदाब निर्माण होतो. प्रवाह जितका मोठा, तारा जितक्या जवळ आणि समांतर अंतर जितके लांब, तितका हा परिणाम अधिक असतो. जुन्या टेलिफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये येणारी घुंऽऽ अशी घरघर अनेकांनी ऐकलेली असते, कारण 50 हर्ट्झ आणि त्याच्या पटीतील 100, 150 हर्ट्झ या कंपनसंख्या आपल्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातच मोडतात. विजेच्या तारांबद्दलची भीती बहुधा या अनुभवातूनच रुजली असावी.

लॅन केबलचे तसे नाही. गिगाबिट (म्हणजे 1000 मेगाबिटच्या) जोडणीत केबलमधील तारांच्या प्रत्येक जोडीवरून सेकंदाला 12 कोटी 50 लाख संकेतचिन्हे जातात, म्हणजे तिचा व्यवहार 50 हर्ट्झपासून फार दूरच्या पट्ट्यात चालतो आणि दोन्ही टोकांच्या पोर्टमध्ये (केबल जेथे उपकरणाला जोडली जाते तेथे) बसवलेले छोटे ट्रान्सफॉर्मर 50 हर्ट्झची घरघर बाहेरच अडवतात. शिवाय केबलमधील आठ तारा चार जोड्यांमध्ये एकमेकींना पिळलेल्या असतात. या पिळाची युक्ती जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी तिचे पेटंट 1881 मध्ये घेतले होते. पिळामुळे बाहेरचा व्यत्यय जोडीतील दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो, आणि पोर्ट त्या दोन तारांमधील फरकच वाचत असल्यामुळे हा सारखा भाग आपोआप वजा होतो. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम कमी-अधिक ठेवलेला असतो, तो त्यांनी एकमेकींच्या संकेतांत ढवळाढवळ करू नये म्हणून.

याचा अर्थ व्यत्यय ही केवळ समजूत आहे असे मात्र नाही. मिक्सरच्या मोटारीतील कार्बन ब्रशच्या ठिणग्या, पंख्याचा किंवा दिव्याचा डिमर, हलक्या प्रतीच्या एलईडी दिव्यांमधील ड्रायव्हर, शेजारी चाललेले वेल्डिंग यांतून निघणारा गोंगाट थेट मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो आणि केबलला खरा त्रास होतो तो याचाच. तरीही चांगल्या तांब्याच्या कॅट सिक्स (लॅन केबलची एक प्रत) केबलवर, 12 मीटरच्या अंतरात, तो सहसा जाणवत नाही.

आता सुरक्षिततेचा मुद्दा, ज्याबाबत मी आपल्याला आग्रहाने सांगेन. लॅन केबलचे वेष्टन 230 व्होल्टच्या तारांशेजारी वर्षानुवर्षे दाटीवाटीने राहण्यासाठी बनवलेले नसते. एसीच्या वायरी गरम होतात. पुढे कधी एखादी वायर बदलताना ती त्याच पाइपमधून खसखसत ओढली जाते आणि शेजारच्या केबलचे पातळ वेष्टन सोलले जाते. फेज त्या तांब्याला भिडला, तर 230 व्होल्टचा दाब आपल्या मुलीच्या टेबलावरील सॉकेटपर्यंत येऊन पोहोचतो. म्हणूनच वायरिंगच्या नियमांनुसार सर्व तारांचे वेष्टन सर्वाधिक दाबाला पुरेसे असल्याशिवाय कमी दाबाच्या आणि विजेच्या तारा एका पाइपमध्ये घालू नयेत. हीच काळजी बोर्डापाशीही घ्यावी. आपल्याकडे एकाच मॉड्युलर प्लेटवर तीन पिनांचे सॉकेट आणि त्याला खेटून लॅनचे सॉकेट बसवण्याची पद्धत पडली आहे, परंतु मागच्या डब्यात दोहोंमध्ये पडदा नसेल तर ते दोन वेगळ्या डब्यांतच बसवावेत.

दोन पाइपांमध्ये 15 ते 20 सेंटिमीटर अंतर ठेवावे, आणि ते एकमेकांना ओलांडणार असतील तर काटकोनात ओलांडावेत. पाइप 25 मिलिमीटरचा घ्यावा, वळणावर काटकोनी एल्बोऐवजी गोलाईचा बेंड वापरावा आणि आत नायलॉनची एक दोरी ओढून ठेवावी, म्हणजे पुढे केबल बदलताना भिंत फोडावी लागणार नाही. शिल्डेड केबलमधील धातूचा पापुद्रा दोन्ही टोकांना धातूच्या कनेक्टरमधून अर्थिंगपर्यंत नीट पोहोचला तरच उपयोगी पडतो. प्लास्टिकचा जॅक लावून तो लोंबकळत ठेवला, तर त्याचे पैसे वाया गेले असे समजावे.

प्रश्न : पुण्यातील आमच्या घरात नव्या केबलवर संगणक 1000 ऐवजी कायम 100 मेगाबिटची जोडणी दाखवतो. वायरमन याचा दोष शेजारून गेलेल्या विजेच्या पाइपला देतात. ते खरे असेल का?

उत्तर : तसे वाटत नाही. 100 मेगाबिटच्या जोडणीला दोन जोड्या पुरतात, 1000 साठी चारही लागतात. म्हणून वेग कायमचा 100 वर अडकला असेल तर एखादी तार तुटली आहे किंवा जॅकमध्ये नीट बसलेली नाही असा तर्क आधी करावा. विजेचा व्यत्यय असा एकसारखा नसतो; तो उपकरण चालू झाले की येतो आणि बंद झाले की जातो. खात्री करायची असल्यास संगणकावरून राउटरला सतत पिंग करत (म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहत) ठेवावे आणि घरातील मिक्सर, एसी, पंप एकेक करून चालू करून पाहावेत.

तारा कोणत्या क्रमाने लावल्या आहेत हेही तपासावे, कारण ही चूक मला फार वेळा आढळली आहे. रंगांच्या जोड्या 1-2, 3-4, 5-6, 7-8 अशा सरळ ओळीत लावणे दिसायला तर्कशुद्ध वाटते, पण नियमाप्रमाणे एक जोडी 3 आणि 6 वर, तर दुसरी 4 आणि 5 वर यावी लागते. सरळ ओळीत लावल्यास संकेत दोन वेगवेगळ्या जोड्यांतील एकेका तारेवरून जातो, पिळाचा फायदा नाहीसा होतो आणि अशी केबल मात्र शेजारचा गोंगाट खरोखरच उचलते. दिवे लुकलुकणाऱ्या साध्या टेस्टरवर ही चूक कळत नाही, कारण प्रत्येक तार समोरच्या टोकाला बरोबर पोहोचलेली असते. जॅकपाशी पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त सोडवू नये. केबलच्या तारेवर ब्लेड घासूनही पाहावे. आतून पांढरी चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे आणि ती भिंतीत गाडण्याच्या लायकीची नाही.

प्रश्न : कोकणातील आमच्या घरापासून 40 मीटरवरच्या आउटहाउसपर्यंत इंटरनेट न्यायचे आहे. विजेची केबल ज्या चरातून गेली आहे त्यातूनच लॅन केबल टाकली तर चालेल का?

उत्तर : तेथे तांब्याची केबल टाकू नये. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असले की त्यांच्या विद्युतदाबात फरक राहू शकतो, आणि जवळपास वीज कोसळली तर हीच केबल त्या लोंढ्याला दोन्हीकडच्या उपकरणांपर्यंत वाट करून देते. धातूचे कवच नसलेली ऑप्टिकल फायबर घ्यावी. काचेतून प्रकाश जात असल्यामुळे शेजारच्या विजेचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती त्याच चरातून नेण्यास हरकत नाही, पण स्वतंत्र पाइपमधून न्यावी, म्हणजे विजेच्या केबलची दुरुस्ती निघाली तरी तिला धक्का लागणार नाही.