एडी जोन्स स्वतः ऑस्ट्रेलियाकडून रग्बी खेळले होते का? प्रशिक्षक म्हणून त्यांची कामगिरी कशी आहे?

नाही. १९६० साली टास्मानियातील बर्नी येथे जन्मलेले जोन्स सिडनीच्या रँडविक क्लबकडून आणि न्यू साउथ वेल्सकडून हूकर (पुढच्या रांगेच्या मधोमध खेळणारा खेळाडू) म्हणून खेळले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघात मात्र त्यांची निवड कधीच झाली नाही.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००१ मध्ये कॅनबेराच्या ब्रम्बीज संघाला सुपर १२ ही ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिकेतील संघांची स्पर्धा जिंकून दिली आणि त्याच वर्षी ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २००३ च्या विश्वचषकाच्या सिडनीतील अंतिम सामन्यात, जादा वेळेत इंग्लंडच्या विल्किन्सनने मारलेल्या ड्रॉप गोलमुळे (चेंडूचा टप्पा पाडून किकने केलेला गोल), त्यांचा संघ इंग्लंडकडून १७-२० असा हरला. २००७ मध्ये विश्वविजेत्या दक्षिण आफ्रिकेचे ते सल्लागार होते.

माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी कामगिरी जपानसोबतची आहे. २०१५ च्या विश्वचषकात ब्रायटन येथे, पेनल्टी किकने बरोबरी साधण्याची संधी असतानाही जपानी खेळाडूंनी स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करणे) निवडला आणि शेवटच्या क्षणी ट्राय करून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून, दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले. (ती किक घ्यावी, असे खुद्द जोन्स यांचे मत होते!) पुढे इंग्लंडने त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०१६ चा ग्रँड स्लॅम (युरोपातील सिक्स नेशन्स स्पर्धेतील सर्व सामन्यांत विजय) जिंकला आणि २०१९ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली. २०२३ मध्ये ते ऑस्ट्रेलियाकडे परतले, पण त्या विश्वचषकात संघ प्रथमच गटसाखळीत बाद झाला. त्यानंतर त्यांनी पुन्हा जपानची सूत्रे स्वीकारली.