ब्रुअरीत पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

ब्रुअरीत, म्हणजे जिथे बिअर बनते तिथे, पहिल्याच भेटीत बिअरचा मोठा ग्लास मागवू नका. सॅम्पलर मागा: साधारण १०० ते १५० मिलीचे चार छोटे ग्लास. चार पुरे, त्यापुढे जीभ दमते आणि सगळंच सारखं लागायला लागतं.

खरी मेख क्रमात आहे. आधी लागर (हलकी, फिकट बिअर) किंवा गव्हाची बिअर, मग अंबर एल (तांबूस बिअर), मग स्टाउट (काळी, भाजक्या चवीची बिअर) आणि आयपीए (हॉप्सवाली कडवट बिअर) सगळ्यात शेवटी. नवखी मंडळी नेमकी आयपीएपासून सुरुवात करतात. हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो आणि नंतरची नाजूक गव्हाची बिअर पाणचट वाटते. दोष बिअरचा नसतोच.

ग्लास आला की लगेच घोट घेऊ नका. हलकेच फिरवा, फेस आहे तोवर दोन-तीनदा हुंगा. गव्हाच्या बिअरला केळं-लवंगेचा वास आला तर तो यीस्टचा गुण समजा. लागरला लोण्याचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र मोकळेपणाने सांगा, चांगले ब्रुअर ऐकून घेतात. स्टाउट फार गार असेल तर ग्लास तळहातात धरून थांबा. १० ते १२ अंशांना तिची कॉफी-चॉकलेटसारखी चव छान खुलते.

बाकी थोडक्यात:
- अत्तर लावून जाऊ नका.
- दोन बिअरच्या मध्ये पाणी प्या.
- अल्कोहोलची टक्केवारी वाचा, ५ आणि ८ मध्ये बराच फरक पडतो.
- गाडी घरी ठेवा.

आणि काउंटरवर विचारा, आज कुठला केग (बिअरचं पिंप) नवा उघडलाय? तिथूनच निवडा.